डाव्या कोपऱ्यात कोणी नव्हतं

१७ मार्च, सोमवार

काल हरलो. बास्केटबॉलचा अंतिम सामना, आपला हॉल, आपली माणसं, आणि एका गुणाने हरलो.

क्लबने मनाचा डॉक्टर ठेवलाय. तो म्हणतो, हरल्यावर प्रत्येकाने वहीत लिहायचं, आत साचू द्यायचं नाही. पोरं लिहिणार नाहीत. टीम माझी, डॉक्टरचा पगार मी देते, तेव्हा कुणीतरी लिहायला पाहिजे. सातवीत शाळा सोडून मी कोळंबी सोलायला बसले, त्यामुळे माझं अक्षर कुणी बघणार नाही हेच बरं.

शेवट असा झाला. आपण एका गुणाने मागे, अगदी थोडे सेकंद उरलेले, चेंडू तेविताकडे. तेविता फोनुआ म्हणजे आमची चाल चालवणारा, चेंडू कुणाकडे जायचा ते तो ठरवतो. तो जाळीकडे घुसला. तिघं अंगावर धावून आले, म्हणजे आपला कोणीतरी मोकळा असणारच. होताच. कर्टिस उजवीकडे हात वर करून खांबासारखा उभा. आणि या शहाण्याने चेंडू टाकला डाव्या कोपऱ्यात. न बघता, वळून, पूर्ण ताकदीने. डाव्या कोपऱ्यात कोणी नव्हतं. चेंडू जाहिरातीच्या फळीवर आपटला आणि भोंगा वाजला.

तो कोपरा ऑर्लनचा. ऑर्लन प्रुइट, अमेरिकेतल्या अलाबामाचा. तिथून नेम धरला की हुकायचा नाही. जानेवारीच्या पुरात गेला. मासे धरून परत येताना ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं, यांनी गाडी घातली. बरोबर तेविता होता. तेविता झाडाला धरून राहिला. ऑर्लन पाणी उतरल्यावर सापडला.

माझा तो कोणी नव्हता. बाहेरून आलेला खेळाडू इथे कुणाच्यातरी घरी राहतो, तसा तो माझ्या मागच्या खोलीत राहायचा. भाडेकरू म्हणा.

घसा पार बसलाय. हॉलमधल्या एसीचं काहीतरी करायला पाहिजे.

१८ मार्च, मंगळवार

आजपासून निरोपाच्या भेटी. हंगाम संपला की एकेका खेळाडूला वर ऑफिसात बोलवायचं, समोर बसवायचं, काय चांगलं काय वाईट ते तोंडावर सांगायचं, पुढच्या वर्षी ठेवणार की नाही ते सांगायचं. डेस होता तोवर तो करायचा. माझा नवरा. त्याने मला बर्फाचा कारखाना आणि ही टीम असं दोन्ही ठेवलं आणि गेला. कारखान्यातून निदान बर्फ तरी निघतो.

कोच हॅमिश माझ्या शेजारी बसतो. तो गोड बोलतो, मी खरं बोलते.

पहिला कर्टिस, कप्तान. गुडघे गेलेत. खुर्चीतून उठताना दार करकरावं तसा आवाज आला.

मी म्हटलं, "कर्टिस, हा आवाज तुझा की खुर्चीचा?"

"खुर्चीचा, मिसेस पी."

"खुर्ची नवीन आहे."

"मग माझा."

अजून एक वर्ष ठेवला. पोरं त्याचं ऐकतात.

मग रोरी. एवढा धिप्पाड, कारखान्याच्या दारातून तिरका होऊन येतो, आणि जाळीखाली कुणाचं कोपर लागलं की तोंड असं करतो जसं आईने मारलंय. त्याला म्हटलं, तुझ्या उंचीचे पैसे देते मी, लाजेचे नाही. हॅमिश म्हणाला, "ग्लेनिस म्हणतेय की तुला अजून आक्रमक व्हायला वाव आहे." रोरी म्हणाला, "कळलं मला त्या काय म्हणाल्या ते." ठेवला. उंची शिकवता येत नाही.

तेविताला गुरुवारी बोलावलंय. त्याच्याबद्दल माझं ठरलेलं आहे. खेळाचा प्रश्न आहे, बाकी काही नाही.

सकाळी चहा करताना मागच्या अंगणात चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. कारखान्याचा पंप असणार. माणूस पाठवते.

२० मार्च, गुरुवार

तेविता आला. इस्त्रीचा शर्ट, खाली टोंगाच्या माणसांचा तो काळा लुंगीसारखा कपडा, कमरेला विणलेली चटई गुंडाळलेली. ती ते लोक चर्चमध्ये नेसतात, नाहीतर मयताला. मी म्हटलं, "आज काय आहे?"

"तुमच्याकडे यायचं होतं, आंटी."

मी त्याची आंटी नाही. मोठ्या बायकांना ते सगळ्यांनाच म्हणतात. पुरापासून मी त्याला ते म्हणू नको असं तोंडाने सांगितलेलं नाही, पण कळायला हवं.

हॅमिशने सुरुवात केली. हंगाम चांगला गेला, सगळ्यात जास्त पास याचे, अमुक तमुक. मी म्हटलं, शेवटच्या पासचं बोल.

तेविता खुर्चीत सरळ बसला.

"कर्टिस दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

"चूक झाली."

"चूक कशी होते ते मला सांग. तिथे माणूस नव्हता. सगळा गाव बघत होता, तिथे माणूस नव्हता."

तो चटईच्या गाठीशी बोटं चाळवत होता. मग म्हणाला, "आवाज आला."

"कुणाचा?"

त्याने हॅमिशकडे बघितलं. हॅमिश खिडकीतून बाहेर बघायला लागला, जणू बर्फाची गाडी त्याने जन्मात बघितली नव्हती.

"असाच," तेविता म्हणाला. "गर्दीचा."

"गर्दी तुला चेंडू कुठे टाकायचा ते सांगते?"

"नाही. चूक माझीच."

मी म्हटलं, सोमवारी कळवते. जाताना तो दारात वाकला. त्याला वाकायची गरज नाही, बुटका आहे. त्या दारात वाकायचा तो दुसरा.

गेल्यावर हॅमिश म्हणाला, "ग्लेनिस, या पोराला काढलंस तर मोठी चूक होईल."

"का?"

"कारण चूक त्याची एकट्याची नाही. ती सवय मी मोडायला हवी होती."

ती सवय म्हणजे हे. ऑर्लन गेल्यावर पहिल्या सरावाला डाव्या कोपऱ्यात कोणी पाय ठेवेना. हॅमिश म्हणाला, ठीक आहे, हा आठवडा राहू दे तसंच. हॉलमध्ये शिरताना प्रत्येकजण वाकून तिथल्या फरशीला बोट लावायचा. चेंडू घरंगळत तिकडे गेला तर भिंतीपर्यंत जाऊ द्यायचे आणि बाहेरून वळसा घालून आणायचे. आठवडा संपला, पण 'आता पुरे' हे कोण म्हणणार? हॅमिशने मग चालीच बदलल्या. सगळे इकडे तिकडे, तो कोपरा मोकळा. अंतिम सामन्यापर्यंत आम्ही तसेच खेळत गेलो.

मी त्याला म्हटलं, "मग सगळ्यांना माहीत होतं ना तिथे कोणी नसतं? याला नव्हतं माहीत?"



२१ मार्च, शुक्रवार

न्याय करायचा तर पुरावा बघून. हॅमिशला म्हटलं, सामन्याची फिल्म लाव.

बघितली. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये काही खास नाही. चौथ्यात मात्र एक गोष्ट दिसली जी मला आवडली नाही. कर्टिसने एकदा डाव्या कोपऱ्याकडे बघितलं, हात उचलला आणि मग दुसरीकडे पास दिला. रोरीने तर चेंडू तिकडे जवळजवळ सोडलाच होता, समोरच्याच्या हाताला लागून परत आला म्हणून वाचला. सगळ्यांची मान तिकडे वळते. दाताचा तुकडा पडल्यावर जीभ जाते तशी.

शेवटची चाल आली आणि हॅमिशने फिल्म थांबवली.

"पुढे."

"पुढचं माहीत आहेच की आपल्याला."

"पुढे लाव."

"बटण अडकतंय," म्हणाला. हलवून बघितलं, फुंकर मारली. माणसाला खोटं बोलायला शिकवायला हवं, इतकं वाईट बोलतो. मला वाटलं, तेविताला वाचवायला बघतोय. चहा गार होत होता म्हणून मी सोडून दिलं.

कारमेन, डेसची बहीण, त्यांचं घराणं माल्टाचं, कारखान्याचा हिशेब बघते. जेवताना म्हणाली, "ग्लेन, मागच्या खोलीतला पंखा अजून चालूच आहे."

"बंद केला तर भिंतीला बुरशी धरते."

"मग कुणालातरी राहायला दे ना. नवीन अमेरिकन आणतीलच की."

"तिथे ओल आहे."

"आत्ताच तर म्हणालीस पंख्याने जाते."

तिला म्हटलं, तू जेव. माल्टाच्या बायका जेवताना बोलणं आणि बोलताना जेवणं यात फरक करत नाहीत.

२४ मार्च, सोमवार

हॅमिशला सांगून टाकलं. तेविता नको. करार वाढवायचा नाही.

तो म्हणाला, "त्याचं घर इथे आहे. बायकोला दिवस गेलेत. एवढ्या उशिरा दुसरी टीम मिळायची नाही, मिळाली तरी समुद्रापलीकडे."

"मी टीम चालवते, धर्मशाळा नाही."

"ग्लेनिस, खरं सांग. हे त्या पासमुळेच ना?"

"मग कशामुळे?"

त्याने टोपी घेतली आणि गेला. लोकांना वाटतं मी त्या पुराचं मनात धरलंय. पाण्यात कोणी कुणाला धरायचं राहिलं म्हणून मी कशाला धरू? दोघांनी मिळून गाडी घातली, एक आला, एक नाही आला. आला तो का आला हे विचारायचा मला हक्क नाही. मी विचारलेलंही नाही. एकदाही नाही.

घशाला आता बरं आहे. बरं झालं, मी सामन्यात ओरडणं सोडून दिलंय. पूर्वी कारखान्यातल्या यंत्रांवर आवाज चढवून चढवून माझा घोगरा झाला होता, हॉलच्या त्या टोकाला ऐकू जायचा. ऑर्लन म्हणायचा, "मॅम, कोचपेक्षा मी तुमचंच ऐकतो, इलाज नाही." जानेवारीपासून मी हातावर हात ठेवून गप्प बसते.

सकाळी परत अंडी जास्त फोडली. कुत्र्याला घातली.

२ एप्रिल, बुधवार

नीट लिहिते, कारण मला घाई होते आणि मग गोष्टी सांडतात.

आज दुपारी कारमेन वर आली. तिला फिल्मचं ते यंत्र परत करायचं होतं. मी म्हटलं, थांब, शेवट मी बघितलाच नाही. ती म्हणाली, "हॅमिश म्हणत होता बटण अडकतं." तिने दाबलं, लगेच चालू झालं. बटणाला काही झालेलं नव्हतं.

चौथं क्वार्टर, शेवटची चाल. तेविता चेंडू घेऊन येतो. त्याच्या मागे पहिली रांग दिसते, खुर्च्या, लोक. तो घुसतो. तिघं धावतात. त्याची मान उजवीकडे वळते, कर्टिसकडे. स्पष्ट दिसतं. हातही तिकडे वळलेला. तेवढ्यात त्या पहिल्या रांगेत एक बाई उठते. निळा रेनकोट. एवढ्या बंद हॉलमध्ये रेनकोट कोण घालतं, तर जिला एसीची थंडी वाजते ती. हात लांब करून डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवतेय. तोंड उघडं. नुसतं उघडं नाही, मानेच्या शिरा दिसतात.

आणि तेविताची मान वळते. कर्टिसकडून कोपऱ्याकडे.

कारमेन म्हणाली, "ग्लेन."

मी म्हटलं, "परत लाव."

परत लावलं. मग अजून एकदा. आवाज वाढवायला सांगितला. गर्दीचा गोंगाट असतोच, पण त्यात कारखान्यातल्या यंत्रांवर चढवलेला तो आवाज वेगळा ओळखू येतो. कोपरा, कोपरा, त्याला दे.

मला हे आठवत नाही. खोटं का लिहू, आठवतच नाही. मला एवढंच आठवतं की कोपऱ्यात तो मोकळा होता. इतका मोकळा की याला दिसत कसा नाही म्हणून राग आला होता.

कारमेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हात काढ, गाडीची किल्ली दे.

तेविता घरासमोर चारचाकी धूत होता. बायको पोट सांभाळत पायरीवर बसलेली. मला बघून उठली आणि आत ताट वाढायला गेली. त्यांच्यात कोणी आलं की आधी ताट. नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"काय, आंटी?"

"मी ओरडले ते."

त्याने नळ बंद केला. "हॉलमध्ये सगळेच ओरडतात."

"तेविता."

"काय सांगायचं होतं? मालकीण ओरडली म्हणून पास टाकला? कर्टिसने मला मारलं असतं." हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग गाडीच्या काचेवरचा साबण बोटाने पुसत म्हणाला, "तुम्ही म्हणालात कोपरा. तुमचा आवाज असा होता की मला वाटलं तुम्हाला दिसतोय. तुम्हाला दिसतोय म्हणजे असेलच. मग मलाही दिसला, आंटी. हात वर केलेला. त्याचा डावा हात थोडा वाकडा असायचा बघा, तसाच. मी हवेत टाकला नाही. मी त्याच्या हातात टाकला."

बायकोने ताट आणलं. अळूसारख्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं टिनच्या डब्यातलं मटण. मी उभ्यानेच खाल्लं. बोलायला तोंड रिकामं नव्हतं ते बरं झालं.

मग तो म्हणाला, "पुराचं तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

"विचाराल असं वाटायचं. रोज. त्यासाठीच त्या दिवशी तसे कपडे करून आलो होतो."

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "सांग."

त्याने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरने सांगितलं तरी नाही. एवढंच लिहिते की फांदी एकाच्या वजनाची होती, आणि ते आधी ऑर्लनला कळलं.

मी म्हटलं, "हॅमिशला मी नको म्हणून सांगितलंय तुझ्याबद्दल. ते चुकलं. करार घेऊन येते उद्या."

तो लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. नाही म्हणाला.

"त्या कोपऱ्यात माणूस उभा करा, मग सही करतो," म्हणाला. "रिकामा ठेवलात तर मी पुन्हा तिथेच टाकेन. पुढच्या वर्षी पण. मला माहीत आहे मी टाकेन."

"तो कोपरा पोरांनीच ठेवलाय रिकामा. मी नाही सांगितलं."

"आंटी, तुमची खुर्ची त्या कोपऱ्याच्या समोर आहे. तुमच्या डोळ्यांसमोर तिथे कोण जाऊन उभं राहणार?"

मला राग आला. किल्ली घेतली आणि निघाले. त्याच्या बायकोला ताटाबद्दल काही बोलले की नाही तेही आठवत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

हॅमिशला फोन केला. म्हटलं, डाव्या कोपऱ्यात उभा राहील असा माणूस शोध. लांबून नेम धरणारा. तेविताचा करार तयार कर.

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "बटणाबद्दल सॉरी."

"बटण काय, तुला खोटं बोलता येत नाही. येणाऱ्याला राहायची सोय काय?"

"हॉटेल बघू."

"हॉटेल कशाला? माझ्याकडे खोली आहे."

फोन ठेवल्यावर मागच्या खोलीत जाऊन पंखा बंद केला. इतकं शांत झालं की परत चालू केला. मग परत बंद केला.

४ ऑगस्ट, सोमवार

मधले महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं. तेविताला मुलगी झाली. रोरीने लग्न ठरवलं, आक्रमक झाला म्हणायचा.

नवीन पोरगा लिथुआनियाचा. मांतास. शनिवारी आला. इंग्रजी कमी, भूक जास्त. बटाटे दिले तर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पहिल्या रात्री झोपला नाही, मलाही झोप नव्हती, भिंतीपलीकडे कूस बदलल्याचं ऐकू येत होतं. जिवंत माणूस कूस बदलतो तेव्हा पलंग वाजतो, हे मी विसरले होते.

आज पहिला सराव. मी गेले. खुर्ची तिथेच आहे. कारमेन म्हणाली होती हलव. मी म्हटलं, खुर्चीने काय केलंय.

पोरं आली. सवयीने वाकून कोपऱ्यातल्या फरशीला बोट लावून पुढे गेली. मांतासने बघितलं, त्याला वाटलं इथली रीत असेल, त्यानेही लावलं. मग हॅमिशने शिट्टी वाजवली आणि त्याला हाताने दाखवलं, तू तिथे. मांतास जाऊन उभा राहिला. डाव्या कोपऱ्यात, दोन्ही पाय टेकून.

 हॉलमध्ये बुटांचा आवाज थांबला.

चाल सुरू झाली. तेविता आत घुसला, दोघं त्याच्यावर आले, मांतास हात वर करून मोकळा. आणि तेविताने टाकला नाही. चेंडू हातात धरून थांबला. परत सुरू केली, परत तेच. तिसऱ्यांदा त्याने मांतासकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. हॅमिशसुद्धा. एवढी मोठी माणसं, आणि मालकिणीने तोंड उघडल्याशिवाय एक चेंडू टाकवत नव्हता.

मी उठले. हात लांब केला. कोपऱ्यात मांतास उभा होता, पिवळे केस, घाबरलेला, बटाटे खाऊन आलेला. मला दुसरं कोणी दिसत नव्हतं. हे मी शपथेवर लिहिते, मला मांतासच दिसत होता.

ओरडले. "कोपरा! ऑर्लनला दे!"

नाव बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं. यंत्रांवर चढवलेला आवाज, मागे घेता येत नाही.

तेविताने पास टाकला. मांतासने धरला.